आकडे चांगले, पाय वाईट

दारव्हा
३ एप्रिल १९६१

इकबाल, खूप दुवा.

"भाभी, मी तुले सोडून नाही चाललो, ह्या दुकानाले सोडून चाललो," असं तू म्हणाला होतास. दहा वर्षं झाली. तू अकोल्याच्या मोटारीच्या टपावर पेटी चढवत होतास आणि माझ्याकडे पाठ करून बोललास. आपलं दुकान आणि घर यांच्यामध्ये गोणपाटाचा एक पडदा तेवढा आहे. एकाला सोडून दुसऱ्यात राहता येत नाही, हे तुलाही ठाऊक होतं. त्या दिवशी तुम्हा दोघा भावांत काय झालं ते मी इथे उगाळत नाही.

तू ईदेला शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड टाकतोस. मी उत्तर देते. त्यात तुझ्या भाईंचं नाव कधी नसतं, म्हणून मीही घालत नाही. आज घालते. तुझे भाई आजारी आहेत.

रमजानमध्ये डोळ्यांखाली सूज दिसायची. मला वाटलं, सहेरीला उठून झोप मोडते म्हणून. ईदेच्या दिवशी नवा जोडा पायात जाईना. मोची खोटा, असं म्हणून त्यांनी जोडा परत पाठवला. आठ दिवसांनी जुनाही जाईना, तेव्हा मी डॉक्टर यज्ञेश्वर यांना बोलावलं. तू गेल्यावर ते इथे आले. तुझ्याच वयाचे असतील. त्यांनी अंगठ्याने नडगी दाबली. खड्डा पडला आणि पडूनच राहिला. लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर धरली, तर ती नासक्या दुधासारखी फुटली. मग आम्ही यवतमाळलाही जाऊन आलो. तिथेही तेच सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत.

डॉक्टर मला म्हणाले, "बाई, मूत्रपिंड आत काय करतं ते मला दिसत नाही. बाहेर येतं तेवढंच कळतं. ते तुम्ही मोजायचं."

आता आमच्या घरी रोज हे चालतं. सकाळी सहाची लघवी आदल्या दिवसाच्या हिशोबात. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची झाकणाच्या डब्यात साठवायची, दुसऱ्या दिवशी सहाची त्यात धरायची आणि पावशेराच्या मापाने मोजून वहीत लिहायची. जितके पावशेर बाहेर आले तितकेच पावशेर पाणी, आणि वर आणखी दोन, घामाचे म्हणून. चहा, दूध, वरणाचं पाणी, सगळं त्यातच. मीठ बंद.

तुझ्या भाईंना ओळखतोसच. पहिले दोन दिवस सवयीने लोटा घेऊन परसात जाऊन बसले.

मी विचारलं, "आणि डबा?"

"इसरलो."

"मग भिंतीला विचारून लिहू का किती झाली ती?"

तेव्हा हसले. मग म्हणाले, "तू कायले हात लावतं वं? मास्तरीन बाई आहे तू. लोकं काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "चाळीस पोरींची नाकं पुसते मी रोज. तुम्ही एकटेच आहात."

पाण्याला स्वयंपाकघरातलं शिक्क्याचं पितळी पावशेर घेते. लघवीचं माप अर्थात वेगळं हवं. ते त्यांनीच दुकानातल्या जुन्या मापांच्या ढिगातून टिनाचं काढून दिलं. मी त्याच्या कानाला लाल चिंधी बांधून ते परसात खिळ्याला अडकवलं आहे, म्हणजे चुकून कुणी आत आणायला नको.

काल पाच पावशेर झाली. डॉक्टर म्हणाले, छान आहे. तुला काळजी करायला सांगत नाही. फक्त कळवलं.

तुझी भाभी,
आयशा


१४ एप्रिल

इकबाल, दुवा.

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

इकडे उन्हाळा चढला आहे. शाळा सकाळची झाली. मी साडेअकराला येते तेव्हा तुझे भाई माठाकडे तोंड करून बसलेले असतात. माठ मी आतल्या खोलीत हलवला, तर आता ते आतल्या खोलीकडे तोंड करून बसतात. काल म्हणाले, "तीस रोजे केले ना मी, पान्याच्या थेंबाबिगर? तवा अशी तहान नाही लागली. अल्लाच्या नावानं तहान सहन होते. डाक्टरच्या नावानं नाही होत."

मी त्यांना ओला फडका ओठांवर ठेवायला देते. तो चोखतात. मी बघते आणि न बघितल्यासारखं करते.

आकडे चांगले येत आहेत. पाच, साडेपाच, एकदा तर सहा. मी वही हौसेने डॉक्टरांपुढे ठेवते, आमच्या मुली पाटी दाखवतात तशी. पण सूज मांडीपर्यंत आली आहे. परवा डॉक्टर वहीकडे आणि पायांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले, "आकडे चांगले, पाय वाईट. दोन्ही एकदम खरं कसं असेल?" आणि माझ्याकडे वळून, जरा आवाज खाली आणून, "मास्तरीणबाई, माणूस आळणी खाऊन कंटाळतो. बायकोचा जीव तुटतो, मला समजतं. पण खरं सांगा, चिमूटभर मीठ देता ना?"

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी समोरच्या जैबुन फूफीवर संशय घेतला, कारण ती रोज वाटी झाकून काहीतरी आणते. फूफी दारातच होती. पंचाहत्तरीची झाली, पण कान पंचविशीचे. म्हणाली, "डाक्टरसाहेब, माह्या घरची मिठाची बरनी मोजून पाहा. कमी भरली तं माह्या दातात सापडन मीठ. अन् दात तं मले एकबी नाही!"

डॉक्टर हसले, पण जाताना मला पुन्हा म्हणाले, "तुमच्या हातून त्यांचं वाईट होतंय, एवढं लक्षात घ्या."

इकबाल, हे मला फार लागलं. सत्तावीस वर्षं मी या माणसाची भाकरी भाजते आहे. आणि आणखी एक सांगते. हे सगळं चाललं तेव्हा तुझे भाई खाटेवर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. "माझी बायको मीठ देत नाही," एवढं ते बोलू शकले असते. बोलले नाहीत. थकवा असेल.

आयशा


२५ एप्रिल

इकबाल,

तुझं कार्ड आलं. ना दुवा, ना सलाम, ना तब्येतीची चौकशी. अख्ख्या कार्डावर एक ओळ: "भाभी, लघवी मोजाचं माप कोनतं हाय?"

मी तुला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं ते यासाठी नव्हे, असं त्या क्षणी वाटलं. तू सात वर्षांचा होतास मी या घरात आले तेव्हा. अम्मी नव्हत्या. माझ्या ओढणीचं टोक धरून तू विहिरीवर यायचास. आणि भाऊ आजारी आहे कळल्यावर तुला आठवलं काय, तर माप. मी कार्ड हजेरीच्या पुस्तकात घातलं आणि दोन दिवस तुझ्यावर मनातल्या मनात रागावले.

तिसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गाला लिटर शिकवायचं होतं. नव्या मापांचा एक संच शाळेत आला आहे, लिटर, अर्धा, पाव, चकचकीत. मुलींना मी सांगितलं, आपले चार पावशेर लिटरमध्ये ओतले तर लिटर भरत नाही, वर चार-पाच घोटांची जागा राहते. शेवंता नावाच्या मुलीने घरून आणलेल्या पावशेराने ओतून दाखवलं. तसंच झालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि मी खडू हातात धरून उभी राहिले, इकबाल. तुझी ओळ मला तेव्हा कळली.

लिटर पिशवीत घालून घरी आणला. तुझे भाई दुपारचे झोपले होते. परसात जाऊन लाल चिंधीचं माप धुतलं आणि त्यात पाणी भरून लिटरमध्ये ओतायला लागले. चार झाले. पाचवा ओतला, तोही मावला. वर पुन्हा चार-पाच घोटांची जागा.

मापात बोट घातलं तर दोन पेरं बुडाली. बाहेरून लावलं तर बोट आणखी खाली गेलं. तळाच्या वर दुसरा तळ. झाळ इतकी सफाईची, की सांधा नखालाही लागत नाही. असं झाळकाम या गावात एकच माणूस करतो.

आता मी जे उगाळणार नाही म्हटलं होतं ते लिहावंच लागेल. त्या दिवशी मी पडद्याआड भाकरी थापत होते. दूधवाल्यांसाठी केलेली ती मापं तू एकेक करून रस्त्यावर फेकलीस, त्यांचा आवाज मी ऐकला. भाई म्हणाले, "सगळा बाजार असाच चालते." तू म्हणालास, "मंग बाजाराले भाई म्हनतो मी." मला ती मापं तुझ्याआधीपासून माहीत होती. त्यांच्यावरच आपली चूल पेटत होती. पडदा सारून बाहेर येऊन मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलले असते, तर कदाचित तू गेला नसतास. मी तव्यावरची भाकरी उलटली.

म्हणजे आमचे पाच पावशेर खरे चार होते. त्या हिशोबाने पाणी खऱ्या पितळी मापाने सात, जिथे सहाच द्यायचं. रोज एक पावशेर पाणी जास्त. महिनाभर ते त्यांच्या पायांत साठत गेलं, मी माझ्या हाताने भरलेलं.

अजून त्यांना विचारलेलं नाही. ते उठले तेव्हा मी विचारायला तोंड उघडलं आणि चहाचं विचारलं.

आयशा


१० मे

इकबाल, दुवा.

विचारलं.

लाल चिंधीचं माप आणि शाळेचा लिटर दोन्ही त्यांच्या खाटेवर ठेवले. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं, मग लिटर हातात घेऊन कड अंगठ्याने तपासली. कारागीर आहेत ना. "मशीनचा आहे," म्हणाले. "चांगला आहे."

मी म्हटलं, "ढिगात इतकी मापं होती. हेच काढून दिलंत ते चुकून?"

"नाही."

"डॉक्टर मला मिठाचं बोलले, तेव्हाही माहीत होतं?"

त्यांनी लिटर खाटेवर ठेवला. मग म्हणाले, "तुले बोलून राह्यला तवा वाटलं, सांगून टाकावं. अगदी तोंडावर आलतं. पन सांगतलं असतं तं पानी गेलं असतं ना वं."

मी त्यांच्यावर ओरडायचं ठरवून बसले होते. पण हे ऐकून माझा राग कुठे ठेवू ते समजेना. इतकं खरं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

थोड्या वेळाने स्वतःच हसायला लागले, ते खोकल्यावर गेलं. "पाह्य ना," म्हणाले, "साऱ्या दारव्ह्याले मी कमी देलं, तं कोनी नाही मेलं. मले जास्त भेटलं, तं मी मरून राह्यलो."

"हसू नका," मी म्हटलं.

"मंग काय करू? रडाले पानी लागते. ते बी मोजशीन तू."

मी त्यांना विचारलं, कोणी कळवलं ते सांगू का. म्हणाले, "सांगू नको. अकोल्याहून कळलं असन." भिंतीकडे तोंड करून पडले. जरा वेळाने भिंतीलाच म्हणाले, "पोरगा हुशारच होता."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला. "मिठाचं बोललो ते मी परत घेतो," म्हणाले. मग भाईंना, "बशीरमियाँ, इतकी तहान लागते तर मला सांगायचं होतं. मी दुसरं काही सुचवलं असतं." भाई म्हणाले, "तुमी फडका सुचवला असता." डॉक्टर म्हणाले, "हो, फडकाच सुचवला असता."

आता ऐक. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नवं माप आणायला निघाले, तर भाई म्हणाले, "कायले? मी मेलो काय?" त्यांना दुकानात नेऊन बसवायला फूफीने आणि मी दोन्हीकडून धरलं. दीड महिन्यांनी ते त्या पाटावर बसले. बोटं सुजलेली, कात्रीच्या कड्यात जाईनात. म्हणून मी कात्री धरली आणि त्यांनी पत्रा फिरवला. पत्रा कापला, गोल केला, एकच तळ बसवला. कथील वितळवताना वास आला आणि मला वाटलं तू पडद्यापलीकडे आहेस. एका मापाला दोन दिवस लागले. पूर्वी दिवसाला तीस व्हायची.

झाल्यावर पितळी मापाने पाणी ओतून तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा पाणी काठाशी येऊन थांबलं, ना खाली ना वर. म्हणाले, "असं माप करनं सोपं आहे वं. मले वाटलं होतं, कठीन असन."

त्या मापाने पहिल्या दिवशी साडेतीन आली.

पाणी साडेपाचवर आणलं. आठ दिवसांत डाव्या घोट्याचं हाड दिसायला लागलं. फूफीने त्याची दृष्ट काढली. घोट्याची दृष्ट काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आयशा


२० मे

इकबाल, खूप खूप दुवा.

हे पत्र लिहायला मी चार दिवस घेतले आहेत. शाळेला सुट्टी लागली. लू वाहते. दुपारी पत्रे तापून कडकड वाजतात आणि आम्ही दोघं घरात समोरासमोर बसतो. मधे माठ.

ते मागतात. हट्ट करून नाही. तसं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं. आधी माझ्याकडे बघतात. मग म्हणतात, "राहू दे." मग गोष्टी सांगतात. आर्णीच्या उर्सात तू हरवला होतास आणि मिठाईवाल्याच्या पाटावर झोपलेला सापडलास, ती सांगतात. सांगता सांगता जीभ टाळ्याला चिकटते आणि शब्द अर्धा राहतो. मी उठते आणि दोन घोट देते. "हे वहीत नाही," असं तेच म्हणतात. मी मान हलवते.

पहिल्यांदा दोन घोट होते. मग पेलाभर. मंगळवारी मी वहीत पाणी पाच लिहिलं. दिलं होतं सव्वासहा. माझ्या अक्षरात, इकबाल. मुलींना एका बेरजेसाठी दहा वेळा पाटी पुसायला लावणाऱ्या बाईच्या अक्षरात. सूज पुन्हा पोटरीवर आली आहे. डॉक्टरांनी विचारलं, माप बरोबर आहे ना? मी म्हटलं, अगदी बरोबर आहे. आणि ते खरंच आहे. लघवी मी थेंबाला धरून मोजते. ती तीनवर आली आहे.

काल ते आडवे झाले की खोकायला लागले. दोन उशा लागतात. डॉक्टरांनी मला ओसरीवर बोलावून सांगितलं, "पाणी छातीत चढलं तर माझ्याकडे इलाज नाही. हा उन्हाळा काढला, तर पुढे थोडे दिवस मिळतील, कदाचित बरेच. मृग लागेपर्यंत तेवढं धरा." मी हो म्हटलं. घरात आले तर ते माझ्याकडे बघत होते. आणि मी पुन्हा पेला घेतला.

मला त्यांचा जीव वाचवायचा आहे, आणि मला त्यांना नाही म्हणता येत नाही. सत्तावीस वर्षांत कधी आलं नाही. त्या मापांनाही मी नाही म्हटलं नव्हतं. फूफीला सांगून पाहिलं; ती माझ्याहून मऊ आहे, माझ्या पाठीमागे बर्फाचा खडा देते.

म्हणून तुला लिहिते आहे. तुझ्याकडून ते पाणी मागणार नाहीत. तू समोर बसलास की त्यांची जीभ उचलणार नाही, कारण तू काय म्हणशील ते त्यांना ठाऊक आहे. मी माया करते, आणि माझी माया त्यांना बुडवते आहे. तुझा राग त्यांच्या कामी येईल. तो सोडून ये, असं मी म्हणत नाही. तसाच घेऊन ये. त्यांच्याशी बोलू नकोस. माफ करू नकोस. जेवण मी फूफीकडे ठेवीन. फक्त दिवसभर त्या माठापाशी बस.

तुझ्या कारखान्यात हे तेलाच्या डब्यांचे दिवस आहेत, रजा मिळणार नाही. मिळाली तरी तू येणार नाहीस. तुझं "नाही" मला आत्ताच ऐकू येतं आहे, आणि त्यात तुझी चूक आहे असंही मला म्हणता येत नाही.

तरी मागते. अठरा दिवस आहेत मृगाला. तेवढे दिवस ये, आणि तुझ्या भाईंना पाणी देऊ नकोस. मलाही देऊ देऊ नकोस.

तुझी भाभी,
आयशा